मोठ्या काकांनी निवडलेलं यंत्र

माझ्या भाचीची मुलगी परवा माझ्याशेजारी बसून फोनवर निगेटिव्ह बघायचं यंत्र निवडत होती. तिला आमच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्हचं एक पुडकं सापडलं आहे आणि त्यातून तिला आमचं घराणं उजेडात आणायचं आहे. मी तिला सावध केलं की बरीच घराणी अंधारातच बरी दिसतात, पण तिचं लक्ष नव्हतं. एकामागून एक यंत्रं बोटाने वर ढकलत ती विचारत होती, "आजी, यातलं कोणतं घेऊ? याला साडेचार तारे आहेत. याच्यासोबत मखमली पिशवी फुकट आहे." मी म्हटलं, "तुझ्याकडची निगेटिव्ह ज्यात मावते ते घे." तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "अगं, ती तर मावणारच ना!" मावणारच, असं आमच्या मोठ्या काकांनाही वाटलं होतं.

आम्ही मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. शेती तिकडे, देवी तिकडे, भाऊबंदकीची भांडणंही तिकडेच. पोटापाण्याचं तेवढं जुन्या जालन्यात, जिथे खाली आमचं धान्याचं दुकान होतं आणि वर घर. सकाळी शटर धडाडत वर गेलं की दिवस सुरू व्हायचा. मग तराजूच्या साखळ्या, "बाजू, बाजू" करत पाठीवर पोती नेणारे हमाल, बोळात अडकलेल्या दोन रिक्षा आणि त्यांच्या चालकांचं एकमेकांच्या खानदानाविषयीचं ज्ञान. डाळीची पिवळसर धूळ जिन्याने वर यायची आणि घरातल्या सगळ्यांवर समान बसायची. माझ्या पुस्तकांनाही तुरीचा वास होता. अजूनही एखादं गंभीर पुस्तक उघडलं की मला भूक लागते, त्याचं कारण विद्वत्ता नाही, तूर आहे. स्वयंपाकघरात आई आणि काकू दोघी समोरासमोर बसून भाकऱ्या थापायच्या, येसर आमटीला उकळी यायची आणि मोठे काका जेवायला बसले की बाकीचे सगळे हळू चावायचे.

मोठे काका वस्तू विकत घेत नसत. ते वस्तू निवडत असत. हा फरक त्यांनीच आम्हाला समजावून सांगितला होता. निवडण्याची त्यांची एकच पद्धत होती: वस्तू हातावर तोलायची, बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची, आवाज ऐकायचा आणि मान हलवायची. टरबूज, माठ, ट्रान्झिस्टर, सागवानी कपाट, सगळ्यांची परीक्षा एकच. त्यांच्या थोरल्या जावयाला त्यांनी ठोकून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, पण त्या जावयाचा एकूण नमुना बघता पाहिलं नसावं. माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, ते काकांहून लहान. दुकान तेच चालवायचे आणि काकांशी बोलताना बहुतेक एकच वाक्य वापरायचे: "होय, दादा." मात्र ते वाक्य त्यांना निरनिराळ्या पट्ट्यांत म्हणता यायचं, आणि कोणत्या पट्टीत ते 'नाही' असतं हे फक्त आईला ऐकू यायचं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे एम.ए.ला औरंगाबादला जायचं, वसतिगृहात राहायचं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. घरात ते एकट्या आईला सांगितलं होतं आणि तिने ऐकून घेऊन तव्यावरची भाकरी उलटली होती. काकांनी दुसरंच पक्कं केलं होतं. परतूरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर, घरची जमीन, आणि हे जमलं तर परीक्षा झाली की मांडव. "शिकून काय दुकानात पाट्या लिहिती का?" असं ते म्हणाले, आणि अण्णा म्हणाले, "होय, दादा." आईने मान वर करून अण्णांकडे पाहिलं. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

स्थळाला पाठवायचा फोटो काढायला मला काकूची पैठणी नेसवून स्टुडिओत नेलं. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं होतं, तळ्यात हंस होते. जालन्यात आम्ही घागरी घेऊन टँकरची वाट बघायचो, पण फोटोत प्रत्येक उपवर मुलीच्या मागे भरलेलं तळं असायचं. सासरच्यांना मुलगी आवडली नाही तर निदान पाणी तरी आवडावं. फोटोग्राफरने मला अर्धी वळवून उभी केली: तोंड, हात, पायांची बोटं, सगळं डावीकडच्या प्लास्टरच्या खांबाच्या दिशेला. पदराचा काठ दिसावा आणि उंची कळावी म्हणून फोटो पायापर्यंत पूर्ण. फोटो गेला आणि आठवड्याभरात मुलाच्या मामांचा निरोप आला: फोटो नको, निगेटिव्ह पाठवा.

हे मामासाहेब कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण बोलणं न्यायाधीशाचं होतं. त्यांचं म्हणणं असं की फोटो हा साक्षीदार आहे आणि साक्षीदार फितूर होतो. स्टुडिओवाले पेन्सिल फिरवून नकट्याला नाक देतात. निगेटिव्ह म्हणजे मूळ कागद. मूळ कागद बघितल्याशिवाय आपण कुणाला हो म्हणत नाही. हे ऐकून काकांना राग यायला हवा होता. उलट त्यांना आदर वाटला. "माणूस कायद्याचा हाय," ते म्हणाले, आणि स्टुडिओतून निगेटिव्ह मागवून खिडकीपाशी उजेडात धरली. 

"कोण हाय ही?"

"आपलीच पोरगी हाय, दादा," अण्णा म्हणाले.

काकूने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! कशी काळीठिक्कर! अन् केस तर पांढरेफेक. ही असली दाखवायची का लोकांला?"

"काकू, निगेटिव्ह अशीच असते," मी म्हटलं.

"तू गप बस गं. तुझंच चालू हाय."

काकांनी विचार करून निकाल दिला. "साध्या डोळ्यानं बघून राह्यलो म्हणून काळी दिसती. यंत्रातून बराबर दिसंल. मामासाहेबाकडं यंत्र असणारच. त्यांनी यंत्रातून बघायचं अन् आपण खिडकीतून, हे बरं दिसतं का? आधी आपल्याकडं यंत्र पायजे."

म्हणून आम्ही औरंगाबादला गेलो: काका, अण्णा, आणि कापड निवडताना जसा ब्लाउज सोबत नेतात तशी मी. दुकानदाराने तीन यंत्रं काउंटरवर ठेवली. एक साधं प्लास्टिकचं, डोळ्याला लावायचं. जांब समर्थच्या जत्रेत आत देवाची चित्रं असलेली मिळायची, तसंच. काकांनी ते ठोकलंसुद्धा नाही. दुसरी एक लाकडी पेटी, वर दुधी काच, आत दिवा; काचेवर काहीही ठेवा, केवढंही ठेवा, स्वच्छ दिसतं. तिसरं काळं, परदेशी, जड, समोर एवढासा पडदा, आत बॅटरी आणि बल्ब, वर चामड्याची पिशवी.

"निगेटिव कौनसे साइज का है, साब?" दुकानदाराने विचारलं.

"बडा है," काका म्हणाले. "हमारे यहाँ सब बडा होता."

"फिर ये पेटी लेव. इसमें सब बराबर दिखता."

"ये तो डब्बा है. मेहमान के सामने डब्बा रखूँ क्या?" काकांनी काळं यंत्र हातावर तोललं, दोनदा ठोकलं आणि कान दिला. यंत्राने काय उत्तर दिलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांचा चेहरा उजळला.

"इसमें छोटा फिल्म जाता साब, बडा नै जाता."

"कैसे नै जाता? घर का माल है, जाएगा."

अण्णांनी खिशातून निगेटिव्हचं पाकीट अर्धं काढलं होतं, नुसतं मापून बघायला. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाकीट परत खिशात गेलं. वस्तू निवडताना माप घेणं हे काकांच्या मते शिंप्याचं काम होतं.

घरी सगळा बोळ बघायला आला. शेजारणी जिन्यापर्यंत उभ्या होत्या. काकांनी चामड्याची पिशवी सोडली, बॅटऱ्या भरल्या, पडदा उजळला, आणि निगेटिव्ह खाचेत गेली नाही. आडवी गेली नाही, उभी गेली नाही, तिरपी तर मुळीच नाही. माझी निगेटिव्ह आगपेटीपेक्षा मोठी आणि खाच आगपेटीपेक्षा लहान. आपण चुकलो असं म्हणणं काकांच्या बोलण्यात बसत नव्हतं, तेव्हा चूक निगेटिव्हची ठरली.

"अण्णा, दाढीचं पातं आण."

"दादा, एकदा कापलं की पुन्हा जुळायचं न्हाई."

"जुळवायचं कशाला? सगळे तुकडे आपल्याकडंच ऱ्हातील की. काप."

अण्णांनी पट्टी ठेवून मला कापलं. कमरेच्या वरची एका तुकड्यात, कमरेपासून पायांपर्यंत दुसऱ्यात, खांब तिसऱ्यात आणि हंस चौथ्यात. त्यांचा हात फार सफाईदार होता. एकेक तुकडा खाचेत घालून बघताना ते मला हलक्या आवाजात म्हणाले, "चकचकीत बाजू आपल्याकडं ठेवायची. उलटं घातलं की डावीकडचं उजवीकडं जातं, हे बघ," आणि मी डावीकडे बघणारी होते ती उजवीकडे बघायला लागले. मला त्याची मोठी गंमत वाटली. काकांना आणि काकूला नाही, कारण ते दोघं पडद्यावरचा माझा चेहरा बघत होते.

"यंत्रातून बी काळीच दिसून राह्यली," काका पुटपुटले.

"न्हाई तर काय," काकू म्हणाली. "आधी बारकी काळी होती, आता मोठी काळी झाली."

तरी वरचा तुकडा परतूरकडे गेला. चेहरा महत्त्वाचा, बाकीचं काय बघायचं, असा काकांचा हिशेब. मामासाहेबांचा हिशेब बरोबर उलटा निघाला. मूळ कागदाचा खालचा भाग फाडलेला असेल तर सगळी भानगड खालच्या भागात असते, हे त्यांना कोर्टात शिकायला मिळालं होतं. फोटोत पाय दिसतात असं कळवलं, तर फोटोत पायच काय, हत्तीसुद्धा बसवता येतो, असं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात काकूच्या माहेरहून चौकशी झाली की तुमच्या पुतणीचा पाय कधीपासून अधू आहे. भोकरदनला तोच पाय लाकडाचा झाला. मी रोज कॉलेजला चालत जायचे आणि आता बोळातले ओळखीचे लोक माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. तरुण मुलीला एवढा मोकळेपणा त्या काळात सहसा मिळत नसे.

शेवटी ते लोक स्वतःच आले: मामासाहेब, मुलाची विधवा आत्या आणि मुलगा. मुलगा बिचारा पोह्यांच्या बशीत शेंगदाणे मोजत असावा तसा बसला होता. मामासाहेबांनी आल्या आल्या विचारलं, "मूळ कुठंय?" मी समोर पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे नजर टाकली नाही. काकांनी चामड्याची पिशवी मांडीवर घेतली आणि तेव्हा कळलं की मामासाहेबांकडे कसलंही यंत्र नव्हतं; त्यांनी निगेटिव्ह अंगणात उन्हाला धरून पाहिली होती. काकांची छाती दोन बोटं पुढे आली.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, चालून दाखव बरं जरा."

मी उठले. पलंगापासून कपाटापर्यंत गेले, परत आले. माझी चाल सरळ आहे आणि त्या दिवशीही सरळच होती. आत्याबाईंनी मान डोलावली. "चालती की बराबर."

"आज चालली," मामासाहेब म्हणाले. "आज औषध लावून बी चालता येतं. आधी पुरावा बघू."

मग जे झालं ते मी कितीतरी जणांना सांगितलं आहे आणि कुणी खरं मानलेलं नाही. मी, सबंध, न कापलेली, दोन पाय असलेली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि ती सगळी मंडळी एका डब्यात डोकं घालून माझे तुकडे बघत होती. आधी परतूरहून परत आलेली कमरेच्या वरची मी फिरली. मग खांब फिरला. मग हंस फिरले. ते आत्याबाईंना फार आवडले. मुलगा म्हणाला, "मला बी बघू द्या की." मामासाहेब म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?" त्याने पुन्हा शेंगदाण्यांत लक्ष घातलं. त्याने मान वर केली असती तर मी समोरच होते.

शेवटी मामासाहेबांनी पायांचा तुकडा स्वतःच्या हाताने खाचेत सारला, चष्मा सारखा केला आणि पडद्यावर वाकले. तुकडा आत जाताना त्याची चकचकीत बाजू मला दिसली. ती त्यांच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती; म्हणजे तुकडा उलटा गेला होता.

"तोंड डावीकडं होतं का?" मामासाहेबांनी सावकाश विचारलं.

"होय," काका म्हणाले.

"मंग पाय उजवीकडं कसे?"

 काकांनी पाहिलं. काकूने पाहिलं. आत्याबाईंनी पाहिलं, आणि त्या जागच्या जागी मागे सरकल्या. "उलटे पाय! अगं माय माय! हडळीचे असत्यात तसले!" त्यांनी पोह्यांची बशी पालथी ठेवली आणि रेणुकाईचं नाव घेतलं.

"उलटे कसे असतील?" काका ओरडले. "आत्ता चालली न्हाई का तुमच्यासमोर?"

"साडीखाली काय दिसतंय कुणाला?" आत्याबाई माझ्याकडे वळल्या. डबा फिरायला लागल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोलत होतं. "पोरी, पाय काढ बरं बाहेर. जल्दी. बघू दे आम्हाला."

त्या क्षणाचं मी नंतर पुष्कळ शोभिवंत वर्णन करत आले आहे. खरं तर फार काही वाटलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की तो तुकडा काढून सुलट घातला की लग्न जमतं. एक बोट पुढे केलं तरी जमतं. मी वाकले आणि दोन्ही पाय साडीच्या घेरात आणखी आत ओढून घेतले.

"दाखव म्हणतो ना पाय!" काका.

मी खाली बघत राहिले. चांगल्या घरातल्या मुलीने खाली बघायचं असतं, त्यामुळे ते कुणाला खटकलं नाही.

"अण्णा! तूच कापलं ना हे? सांग की यांना काय ते!" काकांनी यंत्र अण्णांच्या हातात कोंबलं.

अण्णांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ नेलं.  त्यांनी पाहिलं नाही असं होणारच नव्हतं. त्यांनीच मला दाखवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मला काही दिसून न्हाई राह्यलं, दादा. चष्मा दुकानात राह्यला."

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. जिना उतरताना आत्याबाई कडेकडेने, भिंतीला धरून उतरल्या. खाली बोळात मामासाहेबांचा आवाज येत होता: मूळ कागद मागितला म्हणून वाचलो. ही गोष्ट परतूरहून अंबडला आणि अंबडहून भोकरदनला कशी गेली आणि वाटेत माझे पाय कुठल्या कुठे पोचले ते सांगत नाही. एवढंच की पुढची काही वर्षं आमच्याकडे स्थळ आलं नाही. खुद्द मोठे काका यंत्राला कधीच दोष देऊ शकले नाहीत. ते त्यांनी निवडलेलं होतं. त्यामुळे त्यांच्यापुढे एकच वाट उरली, आणि मी चहा घेऊन गेले की बरेच दिवस ते कपाऐवजी फरशीवरच्या माझ्या पायांकडे बघायचे.

 त्या संध्याकाळी काका आतल्या खोलीत आडवे झाले होते. आई पाहुण्यांसाठी केलेले धपाटे आमच्याच ताटात वाढत होती आणि मी ते खाली मान घालून खात होते. अण्णा शर्ट काढून खुंटीला लावायला गेले, तर आईने तो धुवायला म्हणून हातातून घेतला, सवयीने खिसा चाचपला आणि थबकली.

"अहो, चष्मा तर खिशातच होता की तुमच्या!"

अण्णांनी चष्मा घेतला. काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या, पुन्हा एकदा पुसल्या, मग डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"औरंगाबादला सकाळची पहिली बस कितीला असती?" त्यांनी विचारलं.

आतून काकांनी विचारलं, "काय म्हणला रे?"

"काही न्हाई, दादा," अण्णा म्हणाले. त्यातलं 'नाही' या वेळी मलाही ऐकू आलं.